एसयूव्हीवर तीन सायकली न्यायच्यात: रॅक छतावरचा घ्यावा की डिकीवरचा?

कळंबा_सायकल:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं लिहितोय. घरातल्या तीन सायकली एकावेळी गाडीवरनं न्यायच्यात, त्यासाठी रॅक घ्यायचाय. दीड महिना झाला बघतोय, आणि जितकं जास्त बघतोय तितका गोंधळ वाढत चाललाय.

आधी सायकलींचं सांगतो. माझी हायब्रिड आहे, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली, ॲल्युमिनियमची फ्रेम, डिस्क ब्रेक, वजन १४.५ किलो. मिसेसची पण हायब्रिडच, पण तिची दांडी खाली उतरलेली आहे, साडी-ड्रेसवर बसता यावं अशी. ती १३ किलो. मुलगी ११ वर्षांची, तिची २४ इंची गिअरची सायकल ११.५ किलो. ही वजनं गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर केलेली आहेत, अंदाजानं लिहिलेली नाहीत.

गाडी पाच सीटची एसयूव्ही. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा गाडीवरच जाते. छतावर लांब रेल आहेत, डिकीच्या दारावर वर स्पॉयलर आहे (मागच्या काचेवर बाहेर आलेली पट्टी), स्टेपनी आत आहे.

आजवर आमचं सायकलिंग म्हणजे रंकाळा, कळंबा, फार तर विद्यापीठाचा रस्ता. मुलीला समुद्राच्या कडेनं सायकल चालवायचीय. मागच्या दिवाळीत मालवणला गेलो तेव्हा सायकली ओळखीच्या टेम्पोत टाकून पुढं पाठवल्या. उतरवून बघतो तर मुलीच्या सायकलचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, आत वाकून स्पोकला लागलेला. तिथं दुरुस्तीला माणूस मिळाला नाही. दोन दिवस पोरगी किनाऱ्याच्या रस्त्यावर आमच्या मागनं पायी चालत होती. तक्रार एका शब्दानं केली नाही, पण मला ते अजून लागतं. यंदा सायकली माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गाडीवर जाणार.

दुकानदार म्हणतो पट्ट्यांचा डिकीवरचा घ्या, तीन सायकली आरामात बसतात. ऑफिसातला एकजण म्हणतो छतावरचाच. मिसेस विचारते, छतावर उचलून ठेवणार कोण? आणि एकानं सांगितलं, उद्यमनगरात मागं चासीला हूक वेल्ड करून मिळतो, त्यावर रॅक लावा म्हणजे कटकट मिटली. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. दाजीपूरवरनं फोंडा घाटानं जायचा विचार आहे.


पेठेतला_रायडर:

दादा, डोळे झाकून छतावरचा घ्या. आमच्या ग्रुपमधली निम्मी पोरं गोव्याच्या आयर्नमॅनला (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) सायकली तशाच घेऊन जातात. ९० किलोमीटर चालवायची महागातली सायकल कुणी डिकीला लटकवत नाही. तेवढं पेठेतनं गाडी काढताना वर बघत चला. गल्लीत केबलच्या वायरी लई खाली आल्यात, आणि गणपतीच्या दिवसांत मांडवांच्या कमानी असतात.


उद्यमनगर_लेथ:

कळंबा दादा, मुलीचं वाचून राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. लोखंड कुठं वाकतं आणि कुठं तुटतं हे रोज हाताखालनं जातं. सायकली गाडीवरनं न्यायला लागून ९ वर्षं झाली, त्यात तीन रॅक वापरले.

पहिला रॅक पट्ट्यांचाच होता. दुकानातल्या माणसानं स्वतः बसवून दिला, दोन सायकली लावल्या आणि आम्ही कोकणात निघालो. तुम्ही म्हणताय तोच रस्ता. राधानगरी सोडली, दाजीपूरचा चढ चढून घाट उतरायला लागलो. तिसऱ्या का चौथ्या वळणावर मागनं फट्ट आवाज आला. मला वाटलं गाडीचा टायर गेला. कठड्याच्या कडेला गाडी लावून मागं आलो तर रबर जळाल्याचा वास. वरचे दोन हूक स्पॉयलरच्या कडेवर अडकवलेले होते. ती कड प्लॅस्टिकची. वजनानं ती हळूहळू दबत गेली, पट्टे ढिले पडले, रॅक वीतभर खाली सरकला आणि बाहेरच्या सायकलचं मागचं चाक बरोबर सायलेन्सरच्या तोंडापुढं आलं. चढभर ते तिथं तापत आलं असणार. टायरची बाजू मेणासारखी मऊ पडून फुगली होती आणि ट्यूब फुटलेली. बोट लावलं तर बोटाला चिकटली. सायकल माझ्या पोराची, चार महिन्यांपूर्वी घेतलेली.

घरी येऊन रॅक सगळा सुटा केला. नळ्या शाबूत, वेल्ड शाबूत, पट्टे पण धड. कच्ची होती ती गाडीवरची जागा, जिथं त्यानं भार टाकला होता. तेव्हापासनं कुणीही रॅकचं विचारलं की मी एकच विचारतो: भार शेवटी कशावर जातोय?

तुमच्या गाडीचं बघायला एक सोपी गोष्ट करा. फ्रिजवर लावतो ते चुंबक घ्या आणि डिकीच्या दाराच्या चारी कडांवरनं फिरवा. जिथं चिकटेल तिथं पत्रा आहे. जिथं घसरून पडेल तिथं प्लॅस्टिक आहे किंवा पत्र्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे. पट्ट्यांच्या रॅकचे वरचे हूक बरोबर तिथंच बसतात जिथं आता बऱ्याच गाड्यांना स्पॉयलर असतो. काही रॅक स्पॉयलरच्या वरनं कमान घेऊन काचेच्या खालच्या भागात टेकतात, त्यांचं जरा बरं. पण तुमच्या तीन सायकली मिळून ३९ किलो झाल्या. वर रॅकचे ७-८ किलो धरा. हे सगळं वजन दारापासनं दोन-अडीच फूट बाहेर लोंबणार, आणि रस्ता खड्ड्यांचा. खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन क्षणभर दुप्पट झाल्यासारखं पट्ट्यांना ओढतं. पट्ट्यांचा रॅक वाईट असं मी म्हणणार नाही. एखादी हलकी सायकल आणि पत्र्याची भक्कम डिकी असेल तर इथनं पन्हाळ्यापर्यंत खुशाल न्या. तीन सायकली आणि फोंडा घाट हे त्याचं काम नाही.

आता छत. रेल दिसल्या म्हणून त्या वजन पेलतात असं नसतं. कित्येक गाड्यांना नुसत्या शोभेच्या चिकटवलेल्या असतात. गाडीचं पुस्तक काढा, त्यात छतावर चालत्या गाडीत जास्तीत जास्त किती किलो चालतं ते छापलेलं असतं. तो आकडा आडवे बार आणि त्यांच्यावर सायकल धरणारे ट्रे यांच्यासकट असतो, हे माणसं विसरतात. बार ६ किलो आणि प्रत्येक ट्रे ४ किलो धरा. तीन ट्रेंचे १२. म्हणजे सायकली ठेवायच्या आधीच १८ किलो गेले.

छतावरच्या ट्रेमध्ये पण तीन प्रकार आहेत. एक दांडीला जबड्यानं धरतो. झटपट लागतो, पण वहिनींच्या सायकलला दांडीच खाली, तिथं तो नीट धरणार नाही. कार्बनच्या नळीला तर दाबून चीर पाडू शकतो, पण तुमचा तो प्रश्न नाही. दुसरा प्रकार पुढचं चाक काढून फोर्क, म्हणजे चाक धरणारा पुढचा चिमटा, एक्सलवर आवळतो. सायकल कमी उंच राहते, पकड सगळ्यात घट्ट, चाक तेवढं आत टाकावं लागतं. तिसरा पुढच्या चाकालाच दोन्हीकडनं कवटाळतो, फ्रेमला हातच लावत नाही. वहिनींच्या सायकलला दुसरा किंवा तिसराच चालेल.

फोर्कवाला घेतला तर आधी तुमचा एक्सल बघून घ्या. जुनी क्विक रिलीज (खटका उघडून चाक सोडायची) ९ मिलिमीटरची असते, नव्या माउंटन बाइकना १५ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल, म्हणजे चाकातनं आरपार जाणारा जाड दांडा, येतो, त्याला वेगळा ॲडॅप्टर लागतो. आणि डिस्क ब्रेक असल्यानं एक काळजी घ्याच. पुढचं चाक काढलं की ब्रेक पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा. चाक नसताना कुणी चुकून लिव्हर दाबला तर हायड्रॉलिकमध्ये पॅड एकमेकांना चिकटून बसतात, मग पोहोचल्यावर चाक आत जात नाही. मुलगी परत खोळंबायची.

तुम्ही पुस्तकातला आकडा बघा आणि इथं लिहा. मग पुढचं बोलू.


आजरा_आंबोली:

मी बाईमाणूस म्हणून उचलायचं सांगते, कारण पुरुष मंडळी हे लिहीतच नाहीत. माझी उंची ५ फूट १ इंच. आधीच्या गाडीवर छताचा रॅक होता. घरनं निघताना नवरा सायकल चढवून द्यायचा. आंबोलीत एकटीनं उतरवायची वेळ आली तेव्हा हात वर ताणून १३ किलो पेलताना पेडल दरवाजावर घासलं, हातभर ओरखडा. परत चढवायला रस्त्यावरच्या दोन अनोळखी मुलांना हाक मारावी लागली.

आता आमच्याकडं बोलेरो आहे, स्टेपनी मागच्या दारावर. तिच्यावर बसणारा रॅक घेतलाय. सायकल कमरेच्या उंचीवर लागते, कुणाची मदत लागत नाही. पण दोनच सायकली, आणि दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट दर दोन-तीन फेऱ्यांनी आवळून घ्यावे लागतात, नाहीतर खडखड सुरू होते.

कळंबा दादा, तुमची स्टेपनी आत असल्यानं हा मार्ग तुम्हाला नाही. छतावरचा घेतलात तर एक दोन पायऱ्यांचं मजबूत स्टूल कायम डिकीत ठेवा. टायरवर किंवा दाराच्या उंबऱ्यावर चढून सायकल ठेवू नका, पाय घसरतो. दुसरं, वहिनींना दुकानात सोबत न्या आणि तिथंच त्यांच्या हातानं एकदा चढवून बघू दे. परत येताना दमलेल्या अंगानं चढवायची असते, हे त्या वेळी आठवा. पुढचं चाक काढलं की दीड-दोन किलो कमी होतात, तेवढ्यानं पण खूप फरक पडतो.


कागल_नाका:

कायद्याचं थोडक्यात. मागं लावायचा कुठलाही रॅक असू दे, नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. परदेशात रॅकवर जादा नंबर प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावतात. आपल्याकडं १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आली. ती कुलूपबंद असते, रॅकवर हलवता येत नाही.

२०१९च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१ए) आलं. माल परवानगीच्या मर्यादेपलीकडं बाजूला, मागं किंवा उंचीत बाहेर आला तर २० हजार दंड आणि तिथंच उतरवायचा खर्च. साधारण मोठ्यांची सायकल पावणेदोन मीटर लांब असते आणि अशा गाडीची रुंदी पण तितकीच. मागं आडवी लावताना मधोमध लावली नाही तर एका बाजूनं चाक बाहेर येतं. रात्री मोटरसायकलवाल्याला ते दिसत नाही. दंडापेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

गाडीच्या विम्यात वर बांधलेली सायकल येत नाही, तेही लक्षात असू द्या.


कळंबा_सायकल:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथ दादा, चुंबक फिरवलं. डिकीच्या वरच्या कडेला कुठंच चिकटलं नाही, सगळी कड स्पॉयलरच्या प्लॅस्टिकची. खालच्या कडेला बंपरच्या वर चिकटतं. पट्ट्यांचा रॅक मी आज डोक्यातनं काढून टाकला.

पुस्तकात छताला ७० किलो लिहिलंय. रेल कंपनीच्याच आहेत आणि आडवे बार लावायची जागा चित्रात दाखवलीय, म्हणजे शोभेच्या नाहीत. तुमच्या हिशेबानं बार ६, तीन ट्रे १२, सायकली ३९, एकूण ५७. आकड्यात बसतंय. पण छतावर टेप धरला तर दोन रेलच्या मध्ये जेमतेम मीटरभर जागा आहे. तिन्ही सायकलींची हँडलं एकमेकांत अडकणार असं वाटतंय.

आजरा ताई, मिसेसला तुमचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, मी हेच म्हणत होते. उंची मोजली, गाडी रेलसकट साडेपाच फूट. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगचा बीम ७ फुटांवर आहे.

उद्यमनगरच्या वेल्डिंगचं कुणीच बोललं नाही. लेथ दादा, तुम्ही तर तिथलेच. मागच्या हुकावर तिन्ही सायकली खाली, हाताशी राहतील. उचलायचा प्रश्न नाही, बीमचा प्रश्न नाही. तो मार्ग का नको?


उद्यमनगर_लेथ:

दादा, हे काम केलं तर मला दोन पैसे मिळतील, तरी सांगतो, करू नका.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना खाली शिडीसारखी चासी असते, दोन जाड लांब नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. तिथं नट-बोल्टनं हूक पक्का बसवता येतो. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्या मोनोकॉक असतात, म्हणजे वेगळी चासी नाही, दाबून घडवलेला पत्राच सगळा भार वाहतो. बंपरच्या मागं जे चॅनल दिसतं ते मागनं धडक बसली तर चेपून मार खाण्यासाठी ठेवलेलं असतं. त्याचं पोलाद पातळ आणि खास असतं. त्याला वेल्डिंगची आच दिली की वेल्डच्या कडेचा भाग मऊ पडतो, गंज धरू नये म्हणून दिलेला लेप जळतो. कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस काय असतो ते गगनबावड्याला विचारा. दोन पावसाळ्यांत वेल्डच्या कडेनं गंज आत शिरतो. रॅक वरनं धडधाकट दिसतो आणि त्याचं मूळ आतनं पोखरत असतं. शिवाय कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असे फेरफार चालत नाहीत. कुणी मागनं धडकलं तर विमा कंपनी सगळ्यात आधी त्या हुकाकडं बोट दाखवणार. कंपनीनंच त्या मॉडेलला बोल्टनं बसणारा टो बार (मागं काही ओढायला लावतात तो दांडा) दिला असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडं वेल्ड करून द्या म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवतो.

आता तुमच्या तिघांचं. तीन ट्रेंचा नाद सोडा. छतावर दोन सायकली, तुमची आणि वहिनींची, दोन्ही फोर्कवाल्या ट्रेमध्ये. एकीचं तोंड पुढं आणि दुसरीचं मागं, म्हणजे हँडलं अडकत नाहीत. बार ६, ट्रे ८, सायकली २७.५, मिळून ४१.५ किलो. पुढची चाकं काढल्यावर आणखी कमी. मुलीची २४ इंची सायकल आत. मागची सीट ६०-४० मध्ये मोडते का बघा. मोठा भाग आडवा करा, सायकलची दोन्ही चाकं काढा, चेनची बाजू वर ठेवून जुन्या चादरीवर झोपवा. मुलगी उरलेल्या सीटवर बसेल, सायकल तिच्या शेजारी. ज्या सायकलला मागच्या वर्षी मार बसला ती यंदा सगळ्यात सुरक्षित जागी जाईल. मात्र ती सायकल सीटच्या हुकांना पट्ट्यानं बांधा, मोकळी ठेवली तर जोरात ब्रेक लागल्यावर तीच पोरीच्या अंगावर येईल.

एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम घ्या. फोर्कच्या टोकांना, पेडलला, जिथं जिथं काही घासेल तिथं तो चढवा. जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवा, बांधायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. रबर असल्यानं दर धक्क्याला ताण धरून राहतं. बाटली, पंप, दिवे, सीटखालची पिशवी काढून आत ठेवा, घाटात उडून मागच्याच्या काचेवर जातात.

बसवल्यावर तपासायची माझी पद्धत: सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायची. सगळी गाडी डोलली पाहिजे. नुसती सायकल किंवा ट्रे डोलला तर कुठंतरी ढिलं आहे. पहिल्या ५ किलोमीटरवर थांबून परत आवळायचं, नवे नॉब तिथंच बसून घेतात. मग दर चहाला.

उंचीची एक सवय लावून घ्या. सायकली वर असतील त्या दिवशी मी हेल्मेट स्टिअरिंगच्या खांबाला लटकवतो, गुडघ्याला लागत राहतं. अपार्टमेंटच्या बीमचा धोका जाताना नसतो, परत येताना असतो. दिवसभर चालवून दमलेला माणूस रोजच्या वळणानं गाडी थेट आत घालतो. माझ्या ओळखीच्यांच्या दोन सायकली अशाच गेल्या आणि छतही चेपलं.

माझ्याकडं एक जोडी ट्रे आणि बार पडून आहेत, बहुतेक तुमच्या रेलला बसतील. विकत घ्यायच्या आधी रविवारी सकाळी या, लावून देतो. पन्हाळ्याला एक चक्कर मारून या. वहिनींना आणा.


पेठेतला_रायडर:

लेथ दादा, नाद खुळा. स्टिअरिंगला हेल्मेट उद्यापासनं मी पण लावणार.


कळंबा_सायकल:

मालवणहून काल रात्री परतलो. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना पुढं काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी पन्हाळ्याचं. लेथ दादांनी रविवारी रॅक लावून दिला, पैसे घेतले नाहीत. मिसेसनं पुढचं चाक काढलेली स्वतःची सायकल स्टुलावर चढून एकटीनं ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून रॅकचं माझं नक्की झालं. वाघबीळच्या पुढं चढ सुरू झाल्यावर छतावरनं शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं काही सुटलं. थांबून बघितलं तर मागच्या चाकाच्या पट्ट्याचं मोकळं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. त्याला दोन पीळ देऊन चाकात खोचलं, आवाज बंद. परतीला कुशिरे फाट्याजवळ लेथ दादांच्या पद्धतीनं हलवून बघितलं, मिसेसच्या सायकलचा पुढचा नॉब पाव फेरा फिरला. बाकी सगळं जागच्या जागी. सायकलींसकट उंची मोजली तर बरोबर ९ फूट निघाली. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात आतनं चिकटवलाय.

त्यानंतर स्वतःचे बार आणि दोन फोर्कवाले ट्रे घेतले. पट्ट्यांच्या रॅकपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले. वर्षभर बाजूला टाकत होतो, त्यातनं घेतले.

मालवणला पहाटे साडेचारला निघालो. ऊस तोडणीचे दिवस. भोगावतीच्या अलीकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागं एक. कुणाच्या मागच्या ट्रॉलीला लाल दिवा होता, कुणाच्या नव्हता. ओव्हरटेक करताना मी मुद्दाम जास्त जागा सोडली, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस आपल्या हँडलच्या उंचीला येतो. हे इथं कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहितोय. वेग ७०च्या वर नेला नाही. राधानगरीत चहाला थांबून एकदा हलवून बघितलं, दाजीपूरला परत. पुढं जंगलातल्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या खाली आल्यात, तिथं मिसेस खिडकीतनं वर बघत होती आणि मी रस्त्याच्या मधनं चालवत होतो. एकदा एक बारकी फांदी माझ्या सायकलच्या सीटला घासून गेली, पानं अडकली, बाकी काही नाही. फोंडा घाट उतरताना सायकली एवढ्याशाही हलल्या नाहीत.

मुलीची सायकल आत होती, तिच्या डाव्या हाताशी. सगळा रस्ता तिचा एक हात त्या फ्रेमवर होता. झोपली तेव्हासुद्धा.

मालवणात उतरल्यावर चाकं तिनंच लावली. मागचं चाक घालताना चेन कशी उचलायची ते मी दाखवलं, पुढचं तिला येत होतंच. पुठ्ठ्याचा तुकडा मी माझ्या ब्रेकमधनं काढायला विसरलो होतो, तो तिनंच दाखवला. तारकर्लीच्या रस्त्याला लागल्यावर पहिले दोन किलोमीटर ती आमच्या पुढं होती, नंतर दिसेनाशी झाली. एका पुलावर कठड्याला सायकल टेकवून आमची वाट बघत उभी होती.

परत येताना रात्री साडेनऊला अपार्टमेंटच्या गेटाशी आलो. गुडघ्याला हेल्मेट लागलं. सायकली बाहेरच उतरवल्या.

एक राहिलं. खाऱ्या वाऱ्यानं दोन दिवसांत माझ्या चेनवर तांबूस थर आला होता आणि ट्रेच्या स्क्रूंवर पण. सगळं गोड्या पाण्यानं धुतलं, कोरडं केलं, चेनला तेल दिलं, स्क्रूंना ग्रीस लावलं. समुद्राकाठी जाणाऱ्यांनी हे त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

लेथ दादा, तुमच्या काळ्या फोमचे दोन तुकडे माझ्या ट्रेलाच राहिलेत. रविवारी सकाळी कळंब्याच्या बांधावर येताय ना? घेऊन येतो. मुलगी पण येणारय, तिला तुम्हाला पुलावरचा फोटो दाखवायचाय.